हवेपेक्षा जड

नाशिक,
४ ऑक्टोबर

प्रिय गोरक्ष,

इकडे सगळे ठीक. तू ठीक असशीलच, रोज मोबाइलवर दिसतोस. आईला दवाखान्यातून सोडलं, सध्या ती माझ्याकडे सिडकोतच आहे. वरण-भात खाते. या खोलीतून त्या खोलीत गेली की दम लागतो. मग भिंतीला धरून उभी राहते आणि माझं लक्ष गेलं की कॅलेंडर वाचत असल्याचं दाखवते. महेशनी तिच्यासाठी गॅलरीत खुर्ची टाकली आहे. गावाकडे द्राक्षांची छाटणी सुरू झाली, पण पाऊस काही जायचं नाव घेत नाही.

ताईला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ‘ताई, तू आधी ऐक’ म्हणतोस आणि मीच ऐकत बसते. व्हॉट्सॲपवर काही लिहावं तर तुझ्या ऑफिसातलं कुणीतरी ते वाचून जोडलेले हात पाठवतं. पत्र मध्येच तोडता येत नाही. निदान हे तरी शेवटपर्यंत वाच.

तानुमावशी गेल्यावर तू तिच्यावर केलेला व्हिडिओ पाहिला. ‘माझी दुसरी आई.’ मागे बासरी. तिच्या मुलाच्या, सहादूच्या लग्नातला तिचा तो फोटो, दात दिसेपर्यंत हसणारा. तुझे डोळे भरून आलेले. मग ‘मित्रांनो, दम्याला हलक्यात घेऊ नका’, आणि शेवटी चॅनलला फॉलो करा. माझ्या कॉलेजातल्या दोन शिक्षिकांनी तो पाहून मला मिठी मारली. म्हणाल्या, किती हळवा आहे हो तुमचा भाऊ.

गोरक्ष, तानुमावशीला दमा नव्हता.

आईच्या हाताखाली मदतनीस म्हणून राबताना, साठी उलटली तरी डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन अंगणवाडीची पायरी चढायची ती. दम्याचं आईने फक्त तुला सांगितलं. तू आणखी काही विचारू नयेस म्हणून. बाकीच्यांना, म्हणजे सहादूला, पर्यवेक्षिका बाईंना, सगळ्या गावाला तिने सांगितलं की माझ्याच हातून चुकून फरशी धुवायची दोन औषधं एकात एक मिसळली. गाव तिला काय काय बोलतं ते तुला माहीत नाही. इतकी वर्षं अंगणवाडी चालवलेल्या बाईला आता लोक म्हणतात, हिच्याकडे पोरं ठेवायची कशी?

त्या दिवशी काय झालं ते तू कधी विचारलंच नाहीस. दवाखान्यात आलास, आईच्या पायाशी बसलास, संध्याकाळी पुण्याला शूट होतं म्हणून गेलास. आता मी सांगते.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. अंगणवाडीच्या न्हाणीघराची फरशी पिवळी पडलेली, घासून घासून निघेना. आईने बादलीत ब्लीचिंग पावडर घेतली आणि त्यात संडास धुवायचं ॲसिड ओतलं. फेस आला. तिला वाटलं, जमलं. मग घसा आवळला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती उंबऱ्यातच पडली. तानुमावशी बाहेर खिचडी ढवळत होती. पळीसकट धावली. आईला काखेत धरून ओढत पटांगणात आणलं. तिथेच थांबली असती तरी आज ती असती.

पण न्हाणीघराला लागून पोरांची खोली. मधल्या दाराला खाली चार बोटं फट. पोरं आत मोठ्याने बडबडगीतं म्हणत होती. आईला आठवतं, मावशी म्हणाली, “बाई, पोरं हायेत ना आत!” तोंडाला पदर लावला आणि परत गेली. वाकून ती बादली उचलली आणि पार शेताच्या बांधापलीकडे नेऊन ओतली. मग बांधावरच बसली. पोरांपैकी एकालाही साधा खोकला झाला नाही.

पहिल्या संध्याकाळी ती बरी वाटत होती. नर्सकडे चहा मागितला. सहादूला म्हणाली, आता घरी जा, म्हशीची धार राहिली असेल. नंतर तिच्या फुप्फुसांत पाणी भरत गेलं. डॉक्टर म्हणाले, या वायूत असंच होतं, आधी माणूस सावरल्यासारखं दिसतं.

कुठला वायू, हे तुला सांगायला नको. निफाडला तालुक्याची सामान्यज्ञान स्पर्धा होती, तू सातवीत होतास. “पिवळसर हिरव्या रंगाचा, हवेपेक्षा जड…” एवढं होईपर्यंत तू घंटा वाजवलीस. “क्लोरीन!” प्रश्न तानुमावशीला कळला नव्हता, उत्तरही नाही. तरी सगळ्या हॉलमध्ये तीच आधी ओरडली, “आमचा गोरक्ष हाय त्यो!”

हवेपेक्षा जड. म्हणजे तो खाली उतरतो, फरशीवर साचतो. वाकून बादली उचलणाऱ्या बाईच्या नाकातोंडात जातो. तुझ्या ‘थोर शास्त्रज्ञ’ मालिकेत तूच सांगितलं होतंस की शीलेने हा वायू पहिल्यांदा तयार केला, पण ते नवं मूलद्रव्य आहे हे त्याला उमगलं नाही. पुढे डेव्हीने ते ओळखलं आणि त्याला रंगावरून नाव दिलं. पहिल्या महायुद्धात तोच वायू खंदकांत उतरला आणि सैनिक जागच्या जागी गुदमरले, हेही तू सांगितलंस. किती छान सांगितलंस. मी तो भाग अकरावीच्या वर्गात दाखवला होता.

आणि पावसाळ्यात तूच ‘न्हाणीघर आरशासारखं चमकवा, विज्ञानाची जादू’ हा व्हिडिओ केलास. ब्लीचिंग पावडर, त्यात ॲसिड. “बघा मित्रांनो, फेस आला की समजायचं मळ निघाला.” रसायनशास्त्रात पदवी आहे तुझी. दुसऱ्या वर्षाची जर्नल्स माझ्या टेबलावर बसून लिहिलीस तू. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की काय निघतं, हे तुला माहीत नव्हतं असं मला सांगू नकोस. मी ऐकणार नाही.

आईच्या तोंडावरचा मास्क निघाल्यावर तिचं पहिलं वाक्य काय होतं माहीत आहे? “गोरक्षनं सांगितलं होतं ना, अगदी तसंच केलं गं मी.” आणि दुसरं, “त्याला सांगू नको.”

मी गप्प राहिले. आईसाठी. पण त्या बासरीनंतर माझ्याच्याने राहवत नाही. आईचा शब्द मोडून लिहितेय.

मला तुझ्याकडून एवढंच हवंय. तो न्हाणीघराचा व्हिडिओ काढून टाक. मग स्वतःचं तोंड दाखवून सांग की मी चुकीचं आणि घातक सांगितलं होतं, त्याने एक माणूस गेलं. अजून कितीतरी घरांत कुणीतरी तो बघून बादली भरत असेल. आणि सहादूच्या दारात जा. एकटा जा. कॅमेरा घरी ठेव.

तुझी ताई,
वेदिका


नाशिक,
३० ऑक्टोबर

गोरक्ष,

भाऊबीजेला तू आला नाहीस. तुझा खोका आला, सुका मेवा आणि तुझ्या चॅनलचं चित्र छापलेला कप. सुका मेवा कामवाल्या ताईंना दिला. कप फोडावासा वाटला, पण कुणाच्या तरी पायात काच जाईल म्हणून ठेवला.

तुझा निरोप ऐकला. पत्राला उत्तर म्हणून तू आवाज रेकॉर्ड करून पाठवलास. व्हिडिओ काढून टाकलास, म्हणालास. हो, काढलास. पण गुपचूप. जणू कधी नव्हताच. एका शब्दाने कुणाला सांगितलं नाहीस की तसं करू नका. ज्यांनी तो पाहून ठेवला आहे त्यांनी काय करायचं?

तुझी वाक्यं मी पुनःपुन्हा ऐकली, म्हणून पाठ झाली आहेत. “ताई, तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर मी खाली ‘खिडकी उघडी ठेवा’ असं लिहिलं होतं.” अंगणवाडीच्या न्हाणीघराला खिडकी नाही. “मी नसतं सांगितलं तर दुसऱ्या कुणी सांगितलं असतं.” आणि नंतर, किती सहज म्हणालास, “एक-दोघांनी कमेंटमध्ये लिहिलं होतं की विषारी गॅस होतो म्हणून. पण लोक काय, काहीही लिहितात. मी त्या काढून टाकल्या.”

म्हणजे तुला सांगितलं होतं. कुणीतरी अनोळखी माणसाने हात जोडून सांगितलं होतं आणि तू त्याचं तोंड बंद केलंस. आजवर मी समजत होते की तू घाई केलीस, विसरलास. मी वर्गात उभी राहून इतकी वर्षं हेच सांगत आले की चूक झाली तरी चालेल, ती लपवू नका. माझ्याच घरात एक जण हे शिकला नाही.

“महिनाअखेर मोठा करार आहे, तोवर सहादूला काही बोलू नकोस.” हे तुझं शेवटचं. हे आईने ऐकलं. मी स्वयंपाकघरात होते, आवाज मोठा होता, ती गॅलरीतून कधी आत आली मला कळलं नाही. ओट्याला धरून उभी होती. रडेल असं वाटलं. रडली नाही. म्हणाली, “परत लाव.” मी परत लावलं. पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, “मला उद्या गावाला ने.”

मी म्हटलं, आई, तुला चालवत नाही. ती म्हणाली, “गाडी दारापर्यंत जाते.”

सहादू शेडखाली म्हशीला चारा टाकत होता. आम्हाला बघून त्याने खाट झटकली, बायकोला चहा ठेवायला सांगितला. आईने चहा नको म्हटलं. बसलीही नाही.

“सहादू, मी तुला खोटं बोलले,” ती म्हणाली. तिचा आवाज आता कसा झालाय तुला माहीत नाही. कागद चुरगाळल्यासारखा येतो. “माझ्या हातून चुकून नाय मिसळलं. गोरक्षच्या व्हिडिओत होतं तसं केलं मी. त्याचं नाव येऊ नये म्हणून लपवलं.”

सहादूने हातातला चारा खाली ठेवला. मग त्याने विचारलं, “त्याला ठावं हाय?”

मी म्हटलं, “आता आहे.”

“आणि तरी तो व्हिडिओ ठेवलाय? आईचा?”

मला आधी कळेना तो कुठल्या व्हिडिओबद्दल बोलतोय. तो बासरीवाल्याबद्दल बोलत होता. म्हणाला, “आमी रोज लावतो वेदाताई. पोरगी झोपायच्या आधी आजी दाखवा म्हणती. आईचा हसरा फोटू दुसरा नाय आमच्याकडं. दम्याचं त्याचं चुकलं असंल, पण मला वाटलं, गोरक्षनं लय माया केली.” मग आईकडे न बघता म्हणाला, “बाई, तुमी जा आता. मला काय बोलायचं सुधरंना. जा तुमी.”

आई गाडीत बसली. निफाड आलं तेव्हा म्हणाली, “त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.”

चार-पाच दिवसांनी सहादू माझ्या दारात आला. नवा शर्ट घातला होता, कोर्टकचेरीत जाताना माणसं घालतात तसा. म्हणाला, पोलिसांत गेलो होतो, ते म्हणतात व्हिडिओ कुठाय, तो तर दिसतच नाही. “वेदाताई, तुमच्याकडं असला तर द्या. नसला तर तसं सांगा, मी रागावणार नाय.”

होता. तुला पत्र टाकण्याआधीच मी तो उतरवून ठेवला होता. तू काय करशील हे मला माहीत होतं म्हणून. माझ्या भावाविषयी मला हे आधीच माहीत होतं याची मला तुझ्यापेक्षा जास्त लाज वाटते.

महेश म्हणाले, एकदा देऊन टाकलंस की परत घेता येणार नाही. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, “दे.”

मी सहादूबरोबर निफाडला गेले. व्हिडिओ दिला. ठाण्यातल्या साहेबांना ती दोन औषधं मिसळली की काय होतं ते समजावून सांगितलं. वायू खाली का साचतो, मावशी पहिल्या दिवशी बरी का वाटली, सगळं. ते लिहून घेत होते. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, “व्हिडिओतला माणूस तुमच्या ओळखीचा आहे का?”

म्हटलं, “सख्खा भाऊ.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, घरी जाऊन एकदा नीट विचार करा.”

“विचार करूनच आलेय,” मी म्हटलं. जबाबावर सही केली.  बाहेर येऊन पायरीवर बसले. सहादूने टपरीवरून पाणी आणून दिलं, आणि मी पिईपर्यंत तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

तुला आता बोलावणं येईल. त्याच्या आत तू स्वतः ये, असं माझं सांगणं आहे. वकील घेऊन ये, तो तुझा हक्क आहे. पण आधी सहादूच्या दारात जा. तो तुला आत घेईल की नाही, मला माहीत नाही. मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलणार नाही. पण आलास तर जेवायला वाढेन.

आई गॅलरीत बसली आहे. मघाशी तिने विचारलं, कुणाला लिहितेस. सांगितलं. शेवटी तुझा आशीर्वाद लिहू का, म्हणून विचारलं. ती रस्त्यावरच्या शाळेच्या बसकडे बघत राहिली. बस निघून गेली तरी काही बोलली नाही.

म्हणून लिहीत नाही.

वेदिका