शिंदीला घरटी आलीत का गं?

प्रिय दादा,

उद्या सकाळी गावातली माणसं ओढ्यावर जाणार आहेत. तुझ्या नावाचा चबुतरा बांधायचा आहे. वर झेंड्याचा खांब, खाली दगडावर तुझं नाव. आणि जागा कोणती? जिथं तू शिंदीची झाडं तोडलीस तीच! काल तुझा दोस्त किसन येऊन आईला सांगून गेला. आईनं पदरानं डोळे पुसले. मी आत पीठ चाळत होते. मला कुणी विचारलं नाही, म्हणून तुला लिहिते आहे. वर्षश्राद्ध जवळ आलं, लोक तुझे गुण गातात, आणि माझा राग काही उतरत नाही.

आठवतं का रे तुला ते बन? ओढा तेरणेकडं वळतो तिथं दाटीनं उभी असलेली शिंदी. झाडांच्या बुंध्यावर सरकारी नंबर होते. झाड निजामाचं, रस गुत्तेदाराचा, आणि सावली मात्र आपली! शिंदीच्या पानाची भिंगरी करून बाभळीच्या काट्यावर बसवायला तूच शिकवलंस. वाऱ्यावर ती फिरायला लागली की आपण ओढ्याच्या वाळूतून अनवाणी पळायचो. घरी आल्यावर आई म्हणायची, "पोरगी हाय का वारं? हिला बांधून ठिवा."

पाऊसकाळात शेंड्यावर सुगरणीची घरटी लोंबायची. आपण खाली उताणे पडून बघत राहायचो. बांधणारा नर असतो हेही तूच दाखवलंस. "नाव बाईचं अन् राबतोय गडी," म्हणून हसायचास. अर्धं घरटं झालं की मादी यायची, आत डोकावायची आणि उडून जायची. "नापसंत! बांध लेका परत!" तू ओरडायचास. मग मला म्हणायचास, "यमे, तू बी असंच करायचं. घर बघायचं, मग हो म्हणायचं."

माझं लग्न ठरलं तेव्हा कुठं होतास? धाराशिवला शाळेत उर्दूचं अलिफ बे गिरवत होतास. कुणी दाखवलं मला घर? मी तेरा वर्षांची होते. नवरा चांगला होता, त्याची तक्रार नाही. पण तीन वर्षांत पटकीनं गेला आणि मी या दारात परत आले.

त्यानंतर आई मला अंगणातसुद्धा उभं राहू देत नव्हती. लोक काय म्हणतील! जात्यापासून चुलीपर्यंत, चुलीपासून जात्यापर्यंत. बाजारातून येणाऱ्या पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं जुळवत मी वाचायला शिकले, कारण दुसरं बघायला काही नव्हतं. तेव्हा तूच आईशी भांडलास. "तिला वढ्याला जाऊ दे. सरपण आणंल. भिंतीत चिणून ठिवायची हाय का तिला?" आईनं सरपणाची पाटी माझ्यापुढं सरकवली. तुझ्या त्या एका वाक्यावर मी जगले, दादा. रोज पाटी घेऊन बनात जायची. काटक्या थोड्या आणि बघणं जास्त. तिथं मला कुणी विधवा म्हणत नव्हतं.

तूच दिलंस, आणि तूच घेतलंस!

त्या श्रावणात मी काटक्या वेचत होते, आणि तुम्ही पोरं कुऱ्हाडी घेऊन आलात. सगळ्यांच्या पुढं तू. शिंदीच्या दारूच्या पैशावर निजामाची तिजोरी भरते, झाडं पाडली की सरकारचं उत्पन्न बुडतं, हे मला माहीत होतं. तू लपवून आणलेली पत्रकं मी तुझ्याआधी वाचायची. ते राज्य जायला हवंच होतं. रझाकारांच्या भीतीनं आपण ज्वारीच्या कणग्यांमागं लपून बसलो होतो, ते मी विसरेन का? म्हणून मी "तोडू नको" म्हटलंच नाही. मी एवढंच म्हटलं, "दादा, ह्या कडंच्या झाडांवर पिल्लं हायती. ती उडू दे, मग तोड. तवर बाकीची तोडा की."

कडेची चारपाच झाडं होती. बाकीचं सगळं बन तुमच्यासमोर उभं होतं.

किसन म्हणाला, "यमुनाबाई, पाखरं निजामाची हायती का आपली, आधी इचारून घ्या!"

सगळे हसले. आणि तूही हसलास.

झाडं तोडल्याचा राग एखादे वेळी ओसरला असता. पण ते हसणं! घरट्यात जीव असला तर हात लावायचा नाही, हे मला कुणी शिकवलं होतं? मी लहान असताना एकदा ओढून एक घरटं काढलं, तर तू माझ्याशी दिवसभर बोलला नव्हतास. तोच तू पदर खोचून मध्ये आलेल्या बहिणीला म्हणालास, "सर बाजूला. येडी का खुळी तू? राज्य बदलायचं तर पाखरांची वाट बघत बसायचं व्हय?"

का नाही बसायचं? थोडे दिवस थांबला असतास तर निजाम काय पळून जाणार होता?

तुम्ही घोषणा देत निघून गेलात. मी पडलेल्या शेंड्यांतून घरटी गोळा केली. हात काट्यांनी फाटले. जिवंत होती ती पिल्लं पाटीत घालून आणली, अळ्या वेचून भरवल्या. एकही जगलं नाही. आणि पाखरं, दादा! झाड नव्हतं, तरी ती तेवढ्याच उंचीवर हवेत भिरभिरत होती. चोचीत किडे घेऊन, जिथं घरटं होतं तिथंच. मी दुसऱ्या दिवशी गेले तरी तिथंच. तू नाही पाहिलंस ते. तुला आईनं ओवाळलं, तू भाकरी खाल्लीस आणि सरहद्दीवरच्या लढणाऱ्यांच्या कॅम्पात निघून गेलास.

राज्य गेलं. तू परत आलास तो अंगात ताप घेऊन. नुसती हाडं उरली होती. तुझ्या कपाळावर ओल्या घड्या मीच ठेवल्या. त्यातला एक दिवस माझ्या मनातून जात नाही. तू डोळे उघडलेस, माझा हात धरलास आणि विचारलंस, "यमे, शिंदीला घरटी आलीत का गं?"

तू विसरला होतास! तापात सगळं पुसून गेलं होतं. कुऱ्हाड, घोषणा, ते हसणंसुद्धा.

काय सांगायला हवं होतं मी? "तूच तोडलीस" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तुझे डोळे ओढ्याकाठी उताण्या पडलेल्या पोराचे होते. मी म्हटलं, "आलीत की. लई आलीत."

"पसंत पडलं का तिला?"

"पडलं."

तू हसलास आणि झोपलास. नंतर नीट बोललाच नाहीस. तू सुखानं गेलास, दादा, माझ्या खोट्यावर. मी भांडायचं कुणाशी? तू शुद्धीवर असतास तर मी तुला हात धरून ओढ्यावर नेलं असतं, ती जागा दाखवली असती. तेवढासुद्धा वेळ दिला नाहीस. हेच का थोरल्या भावाचं वागणं?

पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही. तोडण्याआधीच्या उन्हाळ्यात पडलेल्या शिंदीच्या बिया तिथंच रुजल्या आहेत. नुसती गवतासारखी पाती होती, आता टोचायला लागली आहेत. मी त्यांच्याभोवती बाभळीच्या फांद्या रोवल्या आहेत, शेरडं तोंड लावू नयेत म्हणून. तुझा चबुतरा नेमका त्यांच्यावर येतो आहे. आज सकाळी मी किसनला दारात गाठलं. "चबुतरा देवळापुढं बांधा, चावडीपुढं बांधा. तिथं न्हाय," म्हटलं. तो म्हणाला, "भावापरीस झाड मोठं व्हय?" मी म्हटलं, "माझं त्याच्याशी भांडण हाय अजून, तू मधी पडू नको."

आई म्हणते, बाईमाणसानं गावापुढं जाऊ नये. मी जाणार आहे. ते पुन्हा हसतील, खुशाल हसू देत. या वेळी मी बाजूला सरणार नाही.

माझं वय अजून फार नाही, आणि शिंदीला वाढायला वर्षं लागतात. मला घाई नाही. मी तुला खोटं सांगितलं होतं, दादा. शिंदीला घरटी येईपर्यंत मी त्या जागेची राखण करीन. मग तुला सांगितलेलं खोटं राहणार नाही. तुझ्यावरचा राग सोडायचा का, ते मी त्या दिवशी बघेन.

तुझी,
यमू