तिवई तुझी, कुंडी माझी

नव्हेर, नोव्हेंबरअखेर

प्रिय एर्मांसताई,

तुला व फिर्मँभाऊजींना सादर नमस्कार. तुझे गुडघे आणि त्यांचा खोकला थंडीला फार दाद देत नसावेत. इथे नदीवर धुकं आहे, पानं गळताहेत, आणि शाळेत गुरुजींनी पाठ करून घेतलेली पानगळीची कविता मला रोज आठवते. (दुसरं कडवं सुरू केलं की तुझी भावजय ओदील डोळे मिटते. झोप लागली असं मी धरून चालतो.)

ओदीलचं तुझ्या कानावर आलंच असेल. डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. आता ती पुढच्या खोलीत उंच पलंगावर असते आणि तिचं एकच मागणं आहे: आईची ती जुनी, झिलईच्या मातीची, निळ्या बगळ्यांची कुंडी नजरेसमोर हवी. आईमागे वकिलाने टोपीतून चिठ्ठ्या काढल्या, कुंडी मला आली आणि तिच्याखालची हंसमानेच्या पायांची तिवई तुला गेली. तेव्हापासून आपण बोलत नाही. (तिवईवर भाऊजींचा पेंढा भरलेला तितर बसतो म्हणे. त्याला सुख लाभो.) खुर्चीवर ठेवली तर पलंगावरून तिच्यातल्या नेच्याच्या रोपाचे नुसते शेंडे दिसतात, म्हणून मी कुंडी पियानोच्या फिरत्या स्टुलावर चढवली. पण रस्त्यावरून गाडी गेली की ते स्टूल केसभर फिरतं, आणि आईने जन्मभर भिंतीकडे ठेवलेली तडकलेली, तारेचे टाके घातलेली बाजू संध्याकाळपर्यंत पलंगासमोर आली. ओदील म्हणाली, "बघ, हिलाही शिवलंय. पण हिच्यात निदान रोप तरी जगतंय." मी हसलो. अशा वेळी हसायचं असतं की नाही, कोण जाणे.

मग शेजारच्या बातील्दबाई धावून आल्या. आमच्या गल्लीत एक छोटं काळं टेबल आहे. कोणी गेलं की त्याच्या उशाशी पवित्र पाण्याची वाटी आणि हिरवी डहाळी त्यावर ठेवतात, आणि पुढच्या मयतापर्यंत ते बाईंच्या माळ्यावर असतं. बाईंनी बिचारीने फक्त उंची पाहिली. टेबल दारातून आत येताच ओदीलने ओळखलं. "थोडं लवकर आणलंस गं," ती म्हणाली. बाई रडत टेबल उचलायला गेल्या, तर म्हणते, "ठेव म्हटलं ना. तुझा हेलपाटा वाचेल." कुंडी त्यावर आहे, छान दिसते. मलाच तिकडे बघवत नाही.

तेव्हा ताई, तितराला काही दिवस खाली उतरव आणि तिवई पाठव. नंतर परत करीन.

तुझा,
एव्हारिस्त

ता. क. गवतात गुंडाळून रेल्वेने पाठव. हंसांच्या माना नाजूक आहेत.

ता. क. आणखी एक. ओदील जागी झाली आणि पत्र वाचायला लावलं. म्हणाली, "खुळा आहेस. तिवई मागितलीस तर ती तिवई पाठवेल आणि स्वतः घरी बसेल. एर्मांसला ये म्हणावं." मी रोज सकाळच्या गाडीला स्टेशनावर असेन. रिकाम्या हातानं ये.