तू मोकळी आहेस

२२ सप्टेंबर, रविवार दुपार

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भावोजींनाही सांग. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. मी बरी आहे. प्रेसमध्ये शाळेच्या पुस्तकांची बांधणी चालू आहे, बोटांना सतत खळीचा वास येतो. घरमालकीणबाईंनी जिन्याला गडद हिरवा रंग दिलाय; चढताना औषधाच्या बाटलीत शिरल्यासारखं वाटतं.

आपल्या बास्केटबॉल टीमचं विचारलं होतंस. तुझ्या जागी, रिंगखाली, एक नवीन मुलगी आली आहे. बस डेपोत मेकॅनिक आहे, तुझ्याहून वीतभर उंच. तिला आम्ही कुलूप म्हणतो. ती उभी राहिली की रिंगला कुलूप लागतं, आणि खेळ संपला की तिच्या तोंडाला. बास्केट मात्र ती करतच नाही. मी सवयीने बॉल आत टाकायची, ती तो जसाच्या तसा परत द्यायची. आपल्या टीममधली नर्स तर म्हणाली, असून अडचण, नसून खोळंबा.

बचावातही पायात पाय. रागावू नकोस, पण तू मागे फारशी पळायची नाहीस. त्यामुळे समोरची कोणी आत घुसली की आम्ही चौघीही रिंगखाली धावायचो. ती सवय जाईना, आणि कुलूपला हात उचलायलाही जागा उरेना. शेवटी सरांनी खेळ थांबवून समजावलं की मधली काळजी सोडा, समोरचीला कडेने जाऊ देऊ नका, आतच वळवा, पुढचं ही बघेल.

मुद्दाम कोणाला तरी आपल्याला ओलांडून जाऊ द्यायचं, हे अंगात यायला फार वेळ लागला, ताई. मागून कुलूपचा आवाज येतो, "सोड तिला, मी आहे." मग सोडता येतं.

एकदा मी चिडून विचारलं, बॉल परत का देतेस? ती बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कशाला देतेस? तू मोकळी आहेस."

खरंच होते. ती माझ्यावर लक्ष ठेवणारीच्या वाटेत आधीच येऊन उभी राहायची, आणि माझ्यासमोर कोणीच नसायचं. इतकी वर्षं मोकळी असले की मी तुलाच शोधत आले.

परवा गिरणीच्या टीमशी सामना झाला. त्यांना आत शिरताच येईना. शेवटी एका बास्केटचा प्रश्न उरला. मी बॉल मारला, रिंगला लागून उडाला. कुलूपने सगळ्यांच्या डोक्यांवरून तो ओढला. स्वतः टाकला असता तरी चाललं असतं. तिने परत मलाच दिला. दुसऱ्यांदा मारला, तो आत गेला.

सगळ्या ओरडत होत्या, मीही ओरडले. मग खोलीवर आले, तुझ्या पलंगावर बॅग टाकली, आणि सांगायला कोणी नव्हतं. दोघींपुरतं झालेलं जेवण एकटीने संपवलं. माझा हात अजून दोघींचाच आहे.

तू जे विचारलंस त्याचं उत्तर एवढा वेळ टाळतेय. तिकडच्या पार्सल विभागातली नोकरी तू माझ्यासाठी साहेबांना किती विनवून धरून ठेवली असशील, ते कळतं. मागची खोली रिकामी केलीस, पडदेही लावलेस. ताई, मी येत नाहीये.

खेळासाठी राहिली असं लोकांना सांगू नकोस, ते खरं नाही. इथे फार सुखात आहे असंही नाही. सरावाचे दिवस सोडले तर मला नावाने हाक मारणारं कोणी नसतं. पण तिकडे आले तर मी पुन्हा सगळं तुझ्याच हातात देत राहीन, आणि तू मायेने घेत राहशील. तुला ते जड वाटणार नाही, याचीच मला भीती वाटते.

खोली कोणा गरजूला दे. पडदे राहू देत.

तू रुसशील, काही दिवस लिहिणार नाहीस. रूस. पण फार झालं तर नुसतं रिकामं पाकीट तरी टाक. वर माझं नाव तुझ्या अक्षरात असेल, तेवढंही मला पुरेल.

तुझ्याशिवाय राहायला शिकणारी,
तुझी धाकटी