ज्याची चिप, त्याचा आवाज

४ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस. खिडकीजवळचं टेबल मिळालं, खुर्ची करकरत नाही, आणि 'घर सांभाळून जमेल ना?' असं कुणी विचारलं नाही. जुन्या कंपनीत माझ्या डिझाइनवर दुसरेच मिरवले. इथे तसं होणार नाही असं साहेब म्हणाले. साहेब लोक असं म्हणतातच, पण आज मला ते ऐकायला बरं वाटलं.

इथे कानातल्या मशीनची चिप बनते, म्हणूनच मी आले. माझा गुंड्या सात वर्षांचा, दोन्ही कानांनी कमी ऐकतो. मी मोठ्यानं हाक मारली की त्याच्या मशीनमध्ये आवाज फाटतो. 'आई, तू खरखरतेस,' म्हणतो. आंघोळीला मशीन काढलं की मी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दाखवते, तो वाचून खिदळतो. त्याला एकदा माझी न फाटलेली हाक ऐकवायची आहे. बाकी सगळं दुय्यम.

शेजारच्या टेबलावरचा माणूस दिवसभर चकार शब्द बोलला नाही. सगळे त्याला मौनीबाबा म्हणतात.

९ जून
नवऱ्याला आज काम समजावून सांगितलं. आत जो आवाज जाईल तोच, फक्त मोठा होऊन, बाहेर यावा. याला म्हणायचं लिनिअर. पण मशीनचा सेल एवढासा. व्होल्टेज कमी, म्हणजे खोलीचं छत खाली. त्या खोलीत उंच माणसानं उडी मारली की टाळकं आपटणारच. आवाजाच्या लाटांचे माथे तसेच कापले जातात आणि आवाज फाटतो. छत आणखी खाली आणायचं आणि टाळकंही शाबूत ठेवायचं, हे माझं काम. नवरा म्हणाला, मग उडीच मारू नये.

इथली एक रीत मजेशीर आहे. चाचणीला जनरेटर नावाच्या यंत्राची कृत्रिम लाट चालत नाही, रेकॉर्डिंगही नाही. 'ज्याची चिप, त्याचा आवाज,' असा साहेबांचा नियम. म्हणून मी रोज सकाळी काचेच्या खोलीत माइकसमोर बसते, बडबडते, हसते, आणि शेवटी 'गुंड्या, जेवायला ये!' असं ठणकावते. आत गेलेला आवाज आणि बाहेर आलेला आवाज, दोन्हींची वजाबाकी पडद्यावर दिसते. जो फरक उरतो, ती माझी चूक.

१८ जून
व्होल्टेज बरंच उतरवलं तरी फरक कमीच होतोय. साहेब खूश. पाहुण्यांना चिप दाखवताना 'आमचं डिझाइन' म्हणाले. आमचं! मी मागे उभी होते, पडद्यासारखी.

घरी नवऱ्यानं विचारलं, माझ्यावर रागावलीस का? म्हणे मी स्टेशनवरच्या घोषणेसारखी बोलते. दमले असेन.

२५ जून
आज फरक शून्य. साहेबांनी पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना बोलावून दाखवलं. पण मी आज सर्किटला हातही लावलेला नव्हता.

सगळे गेल्यावर जनरेटर जोडला. लाटेचे माथे कापले गेले, पहिल्या दिवसासारखेच. म्हणजे सर्किट सुधारलेलं नाही. मग फक्त आत जाणारा माझा आवाज पडद्यावर घेतला. चिपमध्ये शिरायच्या आधीच तो सपाट होता. माइक बदलला, तरी तसाच.

आम्ही सगळे शहाणे वजाबाकीच बघत बसलो. आत काय जातंय ते कुणी पाहिलंच नाही.

२६ जून
साहेबांना सांगितलं. फरक शून्य आहे ना, मग झालं, म्हणाले.

परत आले तर मौनीबाबानं माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. गळा थरथरत होता, शिरा फुगल्या होत्या. तो जीव खाऊन ओरडत होता. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज.

माझ्याआधीची चिप त्याची होती.

३० जून
गुंड्या रस्त्यात धावला. समोरून गाडी. मी किंचाळले — तोंडातून 'थांब' निघालं, दुकानात सुटे मागावेत तसं. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. गाडीवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून —

नवरा म्हणाला, तू हाक तरी मारायचीस.

रडायला बसले. रडण्याचाही आवाज नाही.

१ जुलै
राजीनामा दिला. साहेबांनी शांतपणे घेतला. व्होल्टेज अजून उतरवायचंय, म्हणाले, पण तुमच्या आवाजात आता काही उरलं नाही. मग गुंड्याची चौकशी केली. नव्या मशीनची पहिली जोडी त्यालाच देऊ, आणा एकदा. मी नाही म्हटलं. तीनदा म्हटलं. माझं 'नाही' आता 'बरं'सारखंच ऐकू येतं.

२ जुलै
सामान न्यायला आले. गुंड्या इथे —

साहेबांनी नवऱ्याला परस्पर फोन केला. आईला चकित करायचं म्हणून. नवरा साहेबांशेजारी उभा, हसतोय. तिघेही काचेच्या खोलीत, आतून कडी. गुंड्या माइकसमोर. कानात नवं मशीन — माझ्या चिपचं.

खिदळतोय. पडद्यावर केवढे उंच माथे. साहेबांचा हात व्होल्टेजच्या बटणावर.

बाहेरच्या माइकवरून आत हाक मारली. सपाट रेघ. न फाटता पोचली असेल. त्याला ती हाक वाटलीच नाही.

काच बडवली. नवऱ्यानं हात हलवला.

माथे खाली येताहेत —

लिहिते. मोठ्या अक्षरांत. पान काचेला लावते, त्याला वाचता येतं —

गुंड्या बोलू नकोस
हसू नकोस
तोंड मिट बाळा तोंड