वडिलांना विचारलेले प्रश्न

प्रति,
मा. संचालक,
किशोरवयीन आरोग्य संशोधन कार्यालय.

विषय : पाहणी अहवालाच्या नव्या आवृत्तीतून माझे नाव वगळण्याबाबत.
संदर्भ : आपले अभिनंदनाचे पत्र.

महोदय,

सन १९८३ मध्ये मी आपल्या कार्यालयात संशोधिका असताना शाळकरी मुलींच्या मासिक पाळीविषयी पाहणी झाली. मुली शाळा का सोडतात, हे शोधायचे होते. प्रश्न मी लिहिले. तत्कालीन संचालकांनी एकच सुधारणा केली : विषय नाजूक असल्यामुळे उत्तरे मुलींऐवजी कुटुंबप्रमुखाने द्यावीत.

त्याप्रमाणे वडिलांना विचारण्यात आले. पहिल्याच घरी एक सुतार रंधा न थांबवता म्हणाला, "आमच्या घरात तसलं काही नसतं." हे उत्तर 'त्रास नाही' या रकान्यात गेले. त्याची तेरा वर्षांची लेक मला नळापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "बाई, बाबांना काय विचारता? त्यांना माझी इयत्तासुद्धा ठाऊक नाही. शाळेतल्या संडासाला कडी नाही, म्हणून त्या दिवसांत मी घरी बसते. हे लिहा."

मी लिहिले. संचालकांनी खोडले. "अहो बाई, पोरीसोरींच्या बोलण्यावर कार्यालय चालत नसतं." मी सही नाकारली, नाव तरीही छापले गेले आणि माझी बदली जनावरांच्या गणनेवर झाली. तिथे निदान गाईची तब्येत बैलाला विचारत नसत.

आता तोच अहवाल गुळगुळीत कागदावर पुन्हा निघतो आहे. त्यातल्या 'मुलींना कोणतीही अडचण नाही' या वाक्याच्या आधारे शाळांतील स्वच्छतागृहांची योजना आपण गुंडाळली, हेही आपण अभिमानाने कळवले आहे. महोदय, बदली होईपर्यंत मी याच विषयात काम केले. पाळीची किळस मला कधी आली नाही. आपले पत्र वाचून मात्र हात धुवावेसे वाटले. सबब, माझे नाव काढावे.

त्या माणसांचे पुढे काय झाले, हे आपल्या दप्तरी नसेल. संचालक स्त्रीविकासावर व्याख्याने देत देत सन्मानाने वारले. सुताराने लेकीचे लग्न पंधराव्या वर्षी लावून दिले आणि जबाबदारीतून मोकळा झाला. लेकीची शाळा त्याआधीच सुटली होती. आज ती आजी आहे, रस्त्यात भेटली की अजून विचारते, "बाई, लिहिलंत का?" तिची नात त्याच शाळेत जाते. कडी अद्याप बसलेली नाही.

पुढच्या पाहणीला आपले कोणी त्यांच्या घरी गेलेच, तर कृपया नातीला विचारावे. आजोबांना नको.

उरल्यासुरल्या नम्रतेसह आपली,
(सही)
निवृत्त संशोधिका
दि. ४ जुलै २०२५

सोबत : आपण पाठवलेला पुष्पगुच्छ, परत.