तुझ्या भाऊजींचं झाड

१९ जानेवारी

प्रिय बबडे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे माझे गुडघे आणि तुझे भाऊजी सोडले तर. तुझं पत्र मिळालं. शेजारचा फ्लॅट मालकाने आमच्यासाठी अजून अडवून ठेवलाय, भिंतीपलीकडून हाक मारली की तू ओ देशील, हे वाचून रडूच आलं गं. पण आधी ऐक.

हे अजूनही त्या कोपऱ्यावरच्या झाडाखालीच असतात. सकाळी डबा, पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची घेऊन निघतात, जसे काही नोकरीवरच चाललेत. सगळी गल्ली 'झाडवाले काका' म्हणते. परवा तर एका शाळेने भाषणाला बोलावलं! ज्या माणसाने घरातल्या कुंडीला कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, तो मुलांना मुळांबद्दल सांगून आला. माझं तर डोकंच फिरलं.

आणि मूळ प्रकरण काय, तर चप्पल! गेल्या उन्हाळ्यात बाजारातून येताना चपलेचा अंगठा तुटला, चांभार जेवायला गेलेला, म्हणून हे एक पाय वर धरून झाडाला टेकून उभे. तेवढ्यात रस्ता रुंद करणारे करवती घेऊन आले. "काका, बाजूला व्हा." हे हलेनात. हलणार कसे, त्या तापलेल्या डांबरावरून? समोरच्या इमारतीतल्या बायकांना वाटलं, काका झाडासाठी अडून बसलेत. त्या धावत खाली आल्या. टाळ्या काय, फोटो काय! करवतवाले परत गेले. एवढ्या टाळ्या पडल्यावर "अहो, माझी चप्पल तुटलीय" म्हणायची यांची काय बिशाद? घरी येऊन फक्त मला सांगितलं, आणि कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली.

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. अगं, हा माणूस जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासत बसला. दुसऱ्यांच्या चुका समासात गुपचूप दुरुस्त करायच्या, साहेब ओरडला तरी मान खाली. आता तोच ढोलीतली पोपटाची पिल्लं बघतो, बुंध्यातले खिळे उपटतो आणि ठेकेदाराशी तावातावाने भांडतो. लोकांनी चांगलं म्हटलं म्हणून चांगला वागत राहिला, आणि वागता वागता खरंच गुंतला. "झाडाचा निकाल लागल्याशिवाय मी इथून हलणार नाही," म्हणतात. मग मी काय खुंटीला टांगलेली पिशवी आहे?

गुरुवारी पालिकेत सुनावणी झाली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला ते झाड नकोय, त्याची पाटी झाकली जाते. तो उठला आणि म्हणाला, "साहेब, कसले झाडवाले! यांची चप्पल तुटली होती म्हणून उभे होते. विचारा त्यांनाच!" सगळे फिदीफिदी हसले. त्या इमारतीतल्या बायका यांच्याकडे बघायला लागल्या. यांचा चेहरा उतरला, आणि हे कबूल करायला उठले की गं!

दुकानदाराला ते कुणी सांगितलं, हे मला विचारू नकोस. बरं, विचार. मीच सांगितलं. साखर आणायला गेले होते, तेव्हा अगदी मुद्दाम. म्हटलं, एकदाचं हसं झालं की हे घरी बसतील आणि आम्ही सामान बांधू.

पण ते उभे राहिले आणि छापखान्यातल्या साहेबापुढे घालायचे तशी मान खाली घातली. मला ते बघवेना. शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं आणि मीच उठले. म्हटलं, "चप्पल तुटली होती, खरं आहे. पण ती त्याच संध्याकाळी शिवून झाली. मग दुसऱ्या दिवशी हे कशाला गेले? रोज कशाला जातात? ते विचारा ना!"

कुणी हसलं नाही. पालिकेच्या साहेबांनी झाड ठेवून रस्ता वळवायचं मान्य केलं, पण देखरेखीला कायमचा माणूस हवा म्हणाले. यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, तोंडाने विचारलंसुद्धा नाही. असा राग आला म्हणून सांगू! आणि मी मान डोलावली.

वाटेत म्हणाले, "त्याला कसं कळलं असेल गं?" मी सांगून टाकलं. तेव्हापासून सकाळचा चहा तेच करून देतात, पण बोलत नाहीत.

तो फ्लॅट दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांग. मी चिडलेलीच आहे, तूही हवी तेवढी चीड. फक्त इतक्यात फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी सगळं टाकून निघून येईन.

शेजारी न येणारी,
तुझी ताई