डाव्या दांड्याची तिसरी जागा

रोक्कामारा,
८ ऑगस्ट १९९४

प्रिय निकी,

तू आणि रोझी खुशाल असाल. समुद्राकाठी माणूस खुशालच असतो. उन्हानं तुझी पाठ सोलते, तेव्हा तेल लावून बस, आणि लिंबाची ती गोड दारू बेतानं घे. मी ठणठणीत आहे. आपली चुलत बहीण आस्सुन्ता दोन्ही वेळा पोट फुटेस्तोवर वाढते आणि वर ऐकवते, "अमेरिकेत तुम्हाला कोणी जेवायला घालत नाही वाटतं."

हे पत्र आपल्या यात्रेच्या बसचा ड्रायव्हर तुझ्या हॉटेलवर आणून देईल. मी बसमध्ये नसेन. घाबरू नकोस, सगळं सांगते. फोन केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

रोम झालं, असिसी झालं आणि तू म्हणालास, "गुडघे टेकणं पुरे, आता चार दिवस पाय पसरू." त्याचा मला राग नाही. पण बाबांच्या गावच्या संताचा, सान दोनातोचा सण सात तारखेला असतो, हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. तिकडे प्रॉव्हिडन्सच्या आपल्या त्या दोन खोल्यांत बाबांनी दुसरं सांगितलं काय? मिरवणुकीत संताची मूर्ती खांद्यावर निघते, तिच्याखालच्या डाव्या दांड्याची तिसरी जागा आपल्या घराण्याची, बापाकडून मुलाकडे जाणारी. बाबा अमेरिकेला गेल्यापासून तिथे काका उभे राहायचे. ते गेल्या हिवाळ्यात वारले. यंदा घरचं कोणी उभं राहिलं नाही तर जागा औषधवाल्याच्या घराण्याला जाणार, हे आस्सुन्तानं तुला फोनवर सांगितलं होतं. "जाऊ दे," म्हणालास तू. "लाकडाचा दांडा तो."

काल खांदेकऱ्यांचा म्होरक्या, मास्त्रो उबाल्दो, चर्चच्या दारात एकेक घर पुकारत होता. आपली पाळी आली, "गाएतानोचं घर?" कोणी बोलेना. औषधवाल्याचा नातू पांढरे हातमोजे चढवून तयारच होता. मी बायकांच्या रांगेत होते. माझी मेणबत्ती आस्सुन्ताच्या हातात कोंबली आणि "हजर!" म्हणून ओरडत जाऊन तिसऱ्या जागी दांडा धरला.

"बाई, रांगेत जा," उबाल्दो म्हणाला. "माझ्या आज्याच्या काळापासून इथं बाईनं खांदा दिलेला नाही."

"मग तुझ्या आज्याला बोलाव. त्याच्याशीच बोलते."

काही जण फिसकन हसले. उबाल्दोच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं सगळ्यांना हात खाली घ्यायला लावले. मी दांडा सोडला नाही. बँड थांबला, फादर घाम पुसत आमच्याकडे बघत राहिले. आस्सुन्ता मागून बाही ओढत होती, "फिलोमेना, मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीस तू!"

शेवटी माझ्या मागचा म्हातारा तुरी वैतागला. "उबाल्दो, उचलायचं तर उचल, नाहीतर मी चाललो. घरी पास्ता निवतोय." त्यानं खांदा लावला. मग कुरकुरत बाकीच्यांनीही लावला.

निकी, ते ओझं भयंकर आहे. पायऱ्यांवर वाटलं, हाड मोडणार. मी ठेंगणी, त्यामुळे संत माझ्या बाजूला कलला. पुढून उबाल्दो खेकसला, "गाएतानो, वर! उचल, गाएतानो!" रागानंच खेकसला, पण बाबांच्या नावानं. तेव्हा मला रडू आलं. रडतच चालले.

आज खांद्यावर जांभळा वळ आहे आणि निम्मं गाव माझ्याशी बोलत नाही. बेकरीवालीनं मात्र पाव निवडून दिला.

सकाळी उबाल्दो टोपी हातात घेऊन आला. खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, "रविवारी सणाचं मंडळ बसणार आहे. तुझ्या भावानं, निकोलानं लिहून दिलं की जागा बहिणीला दिली, तर बघू. नाहीतर औषधवाल्याला जाईल." तो जातो न जातो तोच आस्सुन्तानं माझ्यापुढे कागद ठेवला. "गोड शब्दांत लिही. भाऊ आहे, नाही म्हणणार नाही."

तो कागद हाच.

तू नाही म्हणणार नाहीस, ते मलाही ठाऊक आहे. तुला नको असलेली वस्तू तू हसत देऊन टाकशील, म्हणूनच मी मागत नाही. विशीत असताना मी बाबांना विचारलं होतं, खांदा मी का नाही द्यायचा? ते म्हणाले, "निकी आहे ना." हे मी जन्मभर ऐकलं. दुकान कोण बघणार? निकी आहे ना. आणि बाबांच्या उशाशी शेवटचे महिने मी होते. बाबांवर माझा जीव होता, अजून आहे. पण ते चुकले, आणि त्यांच्याच गावात बसून मी हे लिहिते आहे.

तेव्हा मंडळाला काही पाठवू नकोस. पाठवलंस तर फाडून टाकीन. परतीचं तिकीट मी पुढे ढकललं आहे, रविवारी मंडळासमोर मी स्वतः जाणार. त्यांनी जागा दिली तर ठीक. नाही दिली तर पुढच्या सात ऑगस्टला मी पुन्हा तोच दांडा धरून उभी असेन. संत हलवायचा असेल तर माझ्यासकट हलवा म्हणावं.

गाएतानोची थोरली,
फिलोमेना